चार दुर्बिणी, वीस जागा

३ एप्रिल, सोमवार

आज आलं: तेल एक किलो – अठ्ठेचाळीस. कपड्यांचा साबण, दोन वड्या – अकरा. सुयांचं पाकीट – दीड. आणि सरकारी हायस्कूलचं एक लठ्ठ पाकीट – तीन! पाकिटाला पैसे कसले, तर शाळेनं तिकीट कमी लावलेलं. पोस्टमन म्हणाला, "नको असेल तर परत पाठवतो." म्हटलं, थांबा हो, घोड्यावर बसून आलात का? पाकीट उजेडात धरून पाहिलं. आतलं काही दिसेना. दिले तीन. देवा, शाळा सुरू व्हायच्या आधीच दंड!

पण तिनाचा माल निघाला तीनशेचा. आत चोवीस पानांची पुस्तिका. आठवी करून मूल हायस्कुलात गेलं की काय काय शिकता येतं, ते सगळं तिच्यात आहे. पाच अभ्यासक्रम – विज्ञान, वाणिज्य, भाषा, शेती, आणि पाचवा ह्याच वर्षी निघालेला: जमीन-मोजणी व नकाशे. सोबत प्रवेशाचा फॉर्म आणि निमंत्रण. "नव्या कुटुंबांसाठी ओळख-मेळावा. आठ तारखेपासून चार शनिवार, दुपारी चार वाजता. पालकांनी अवश्य यावे. चहा मिळेल."

भाजी चिरता चिरता मोठ्यानं वाचत होते. आमची फूटपट्टी समोर. (हे लेकीला फूटपट्टीच म्हणतात. उंच, काटकुळी, आणि दिसेल ते मोजत सुटते. आमचं स्वयंपाकघर नऊ फूट सात इंच आहे, घरमालक दहा सांगतो. मांजर शेपटीसकट दोन फूट चार.) सतरावं पान आलं, जमीन-मोजणीचं, आणि ती एकदम गप्प. ही गप्प म्हणजे काहीतरी घडलं! ते पान पुन्हा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाली, "आई, हे शाळेत शिकवतात? खरंच?"

पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात: शाळेकडे मोजणीच्या दुर्बिणी चार, एका दुर्बिणीवर पाच जण. तेव्हा वीस फॉर्म आले तरच वर्ग निघेल, आणि वीसच घेतले जातील. जो आधी देईल तो आधी.

फूटपट्टीनं पुस्तिका उशाखाली ठेवलीय. चौदा वर्षांत पहिल्यांदाच पुस्तक उशाखाली गेलं!

५ एप्रिल, बुधवार

घरात सभा भरली. हे गोदामात कारकून. सतरा वर्षं पोती मोजताहेत, त्यामुळे ह्यांचं मत आधीच ठरलेलं – वाणिज्य. "वाणिज्य घे, बँकेत लाग, पंख्याखाली बस."

"बाबा, मला नाही बसायचं पंख्याखाली."

"मग कुठं बसायचंय?"

"बसायचंच नाहीये!"

सासूबाई आतून: "पोरीनं जमीन मोजायची म्हणे. अगं, आपली आहे कुठं मोजायला?"

"आजी, लोकांची मोजायची. त्याचे पैसे मिळतात."

सासूबाई विचारात पडल्या. पैसे मिळतात म्हटलं की त्या पडतातच. तेवढ्या एका बाबतीत आम्हा सासूसुनांचं कधी वाजलं नाही.

शेवटी हे म्हणाले, "शनिवारी मला सुट्टी नाही. तू जाऊन ऐकून ये, मग बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', ते मला नव्यानं शिकायला नको. पण तोंडानं 'नाही' म्हणाले नाहीत. म्हणजे दाराला कडी आहे, कुलूप नाही.

८ एप्रिल, शनिवार

बाई गं! काय दिवस! अक्षर वाकडं येतंय तर येऊ दे.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. बाकं मुलांची, त्यात आईबाप गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले. माझ्या शेजारी एक बसड्रायव्हर. बिचारे बाकात शिरले ते शिरले, निघता येईना. पुढे व्यासपीठावर मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात – आहेत चार फूट दहा इंच! (अंदाज फूटपट्टीचा.) त्यांनी तीच पुस्तिका उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. "वैकल्पिक विषयांची निवड ही गाभा-विषयांच्या पूर्ततेस अधीन राहील." सगळे चिडीचूप. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे. अर्धा तास वाचून बाईंनी विचारलं, "कुणाला काही शंका?" कुणालाच नाही. शंका यायला आधी काहीतरी कळावं लागतं ना!

आणि मला काय झालं देव जाणे. उभीच राहिले. म्हटलं, "बाई, 'अधीन राहील' म्हणजे घ्यायचं, की नाही घ्यायचं?"

अख्खा हॉल हसला! बाईही हसल्या. समजावून सांगू लागल्या, पण तेही पुस्तिकेसारखंच. मग मीच म्हटलं, "म्हणजे असं ना बाई – पीठ सगळ्यांचं एकच. भाषा, गणित, इतिहास, हे प्रत्येकालाच मळायचंय, त्यातून सुटका नाही. पण त्याच पिठाचं कुणी लाटायचं, कुणी थापायचं, कुणी तळायचं – ते हे पाच अभ्यासक्रम."

बाई म्हणाल्या, "अगदी हेच!"

मागून एक आवाज: "मग असं आधी सांगायचं की! आम्ही समजत होतो विज्ञान घेतलं की भाषेतून सुटलो."

आणि जी काही तोंडं उघडली! शेती घेतली तर पुढे कॉलेजात जाता येतं का? मुलींना वाणिज्यात घेतात का? भाषेला वर्कशॉपची फी कशाला? बाई उत्तर देत, मी त्याचं साध्या बोलण्यात करून सांगत. चहा तसाच निवला. शेजारचे ड्रायव्हर टाळी द्यायला उठले आणि बाक घेऊनच उठले!

निघताना मोठ्या बाईंनी माझा हात धरला. "पुढचे शनिवार तुम्हीच बोलाल का? मी बोलले की लोक जांभया देतात."

"बाई, मी साधी मॅट्रिक."

"ही पुस्तिका लिहिणारे सगळे एम. ए. आहेत. दिसतंय ना काय झालंय ते!"

मोजणीच्या टेबलाशी मात्र चिटपाखरू नव्हतं. एकटे मास्तर बसलेले. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, उन्हानं रापलेले, कानावर पेन्सिल. विचारलं, किती फॉर्म आले? "तीन. वीस झाले नाहीत तर दुर्बिणी परत खोक्यात आणि मी परत घरी. खोक्यात निदान जागा तरी आहे." फूटपट्टी त्यांच्या दुर्बिणीकडे अशी बघत होती, जशी सासूबाई दागिन्यांच्या दुकानाकडे बघतात.

९ एप्रिल, रविवार

देवापुढे बसले खरी, पण जप कसला! एक मणी देवाचा, एक मणी भाषणाचा. देवा, तेवढा शनिवार सांभाळून घे. मी – मॅट्रिक, तीही दुसऱ्या फटक्यात – हायस्कुलाच्या व्यासपीठावर! माईकवर!

सासूबाईंनी विचारलं, "बोलायचे पैसे देणार आहेत का?" नाही म्हटलं. "मग घरी काय कमी बोलतेस, फुकटच!"

११ एप्रिल, मंगळवार

भांड्यांपुढे भाषणाची तालीम. पातेली फार समजूतदार, एकानंही जांभई दिली नाही. अर्धा लिटर दूध उतू गेलं. ते हिशेबाच्या वहीत लिहिलेलं नाही, फक्त इथं.

१५ एप्रिल, शनिवार

जमलं! जमलं! जमलं!

पहिली दोन वाक्यं मी दोनदा म्हटली. समोर शंभर तोंडं. मग ते ड्रायव्हर पुन्हा आलेले दिसले, ह्या वेळी शहाणपणानं उभे. ते ओरडले, "ताई, ते पिठाचं सांगा!" सगळे हसले आणि माझी गाडी सुटली.

पाचही अभ्यासक्रम सांगितले. प्रत्येकाची दोन वाक्यं चांगली, एक वाक्य खरं. विज्ञान – मान आहे, वाटा पुष्कळ आहेत, पण प्रयोगवह्या पुऱ्या करता करता आईबापांचीही परीक्षा होते. शेती – निम्मा दिवस बाहेर, हात काळे होणार, कपडे धुणाऱ्या आईनं विचार करावा. (बायका काय हसल्या!) मोजणीवर आले तेव्हा ड्रायव्हरनी विचारलं, "हे शिकून काय होतं हो?"

म्हटलं, "दादा, तुमच्या रस्त्याची वळणं कुणीतरी मोजूनच आखली असतील ना?"

"असतील."

"एखादं चुकलं असेल तर शिव्या कुणाला देता?"

"रोज देतो! डेपोच्या मागचं वळण –"

"मग मुलाला पाठवा. तो बरोबर मोजेल. तुमच्या शिव्या वाचतील."

त्यांनी तिथल्या तिथं फॉर्म भरला!

मग मास्तरांनी व्हरांड्यात तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावली. जुनी आहे, तिच्यातून सगळं उलटं दिसतं. एकेका आईला डोळा लावू दिला. पलीकडच्या टोकाला मोठ्या बाई उभ्या. पहिली बाई किंचाळलीच – "अगो बाई, मोठ्या बाई छताला लटकल्यात!" मग रांग लागली. मीही पाहिलं. खाली आभाळ, वर जमीन, आणि मधोमध आमची फूटपट्टी आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उलटी उभी. खाली डोकं, वर पाय, आणि तरीही हसतेय ते इतक्या लांबून कळत होतं.

अकरा फॉर्म झाले. तिनाचे अकरा! मास्तर म्हणाले, "आणि तुमचा?" म्हटलं, घरी भरून तयार आहे. ह्यांची सही तेवढी राहिलीय. तेवढीच तर राहिलीय!

१८ एप्रिल, मंगळवार

सही झाली!!

हे घरी आले ते बूट न काढताच म्हणाले, "आज साहेबांनी विचारलं, 'हायस्कुलात बोलतात त्या तुमच्याच घरच्या का?' त्यांच्या मेहुणीनं येऊन सांगितलं म्हणे." मी म्हटलं, मग तुम्ही काय म्हणालात? "म्हणालो, हो, माझ्याच." एवढं बोलून पाणी प्यायले. मग म्हणाले, "आण तो फॉर्म इकडे. बायको गावभर सांगतेय, मोजणी घ्या, मोजणी घ्या, आणि स्वतःच्या मुलीला वाणिज्य? लोक शेण घालतील तोंडात." सही अशी ठसठशीत केली की मागच्या पानावर उमटली. सासूबाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही." तर फूटपट्टीनं त्यांना कडकडून मिठी मारली आणि वर सांगितलं, "आजी, तुझी उंची पावणेदोन इंचानं कमी झालीय." घर हसून हसून लोटपोट.

"आई, उद्या सकाळीच देऊन येतेस ना?" फूटपट्टी.

म्हटलं, देऊ की. पण आता हा आपल्याच घरचा कार्यक्रम झाल्यासारखा आहे. घरच्यांनी आधी पान मांडून बसायचं का? आधी पाहुणे. आजवर मी कधी पंक्तीत आधी जेवलेय? शिवाय अजून नऊ जागा रिकाम्या पडल्यात, कुठं पळून जाताहेत! आपला शेवटचा. विसावा! तो पडला की वर्ग पुरा. काय दिसेल ते!

तिनं पुस्तिका काढून सतराव्या पानाचा तळ पुन्हा वाचला. मग परत उशाखाली ठेवली.

२० एप्रिल, गुरुवार

पाय दुखताहेत. काल-आज मिळून अकरा घरं. उन्हात छत्री, हातात पुस्तिका, मागून फूटपट्टी. कुठं दाराशीच वाटेला लावलं, कुठं सरबत दिलं. एका आजोबांना मी विम्याची बाई वाटले. म्हणाले, "मी इतक्यात मरत नाही, पुढच्या महिन्यात या."

खरी लढाई शिंपीणबाईंच्या घरी झाली. त्या आमच्या मागच्या गल्लीत, सबंध गल्लीचे कपडे शिवतात. त्यांची लेक फूटपट्टीच्याच वर्गात, पण अगदी लाजाळू. मान वर करून बोलत नाही.

"उन्हात काळी होईल हो ती," शिंपीणबाई.

"मशिनवर वाकून कुबडी होण्यापेक्षा बरी!" म्हणाले आणि जीभ चावली. कारण शिंपीणबाई वाकूनच बसल्या होत्या. पण त्या रागावल्या नाहीत. मशीन थांबवून, पाठीला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, "ती मापं माझ्यापेक्षा चोख घेते, हे मात्र खरं. गिऱ्हाईक दारातनं आत आलं की छातीचं माप सांगते. वर बघत नाही, तरी!" लेकीनं तेव्हा मान वर केली. डोळे काय मोठे आहेत पोरीचे, आजवर पाहिलेच नव्हते.

फॉर्म घेतला. सोळा झाले!

२१ एप्रिल, शुक्रवार

उद्या सतरा, अठरा, एकोणीस – आणि आपला. पिशवीत घडी न घालता ठेवलाय, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये. देवापुढे ठेवून घेतला आधी.

२२ एप्रिल, शनिवार

लिहूनच टाकते. नाही लिहिलं तरी झालेलं बदलणार नाही.

हॉल खचाखच. आजच्यासारखं मी कधीच बोलले नव्हते, पुन्हा बोलेन असं वाटत नाही. लोक खिडक्यांत उभे. मोजणीच्या टेबलाशी रांग! दोन आठवड्यांपूर्वी जिथं मास्तर एकटे बसले होते तिथं रांग! मी मध्येच चहा वाटत होते, मध्येच म्हणत होते – "या, या, पुढं व्हा, लाजू नका." यजमानीणच ना मी! मग मीही रांगेत उभी राहिले, पुठ्ठे हातात घेऊन. सतरा झाला. अठरा झाला. माझ्या पुढे आता कोणी नव्हतं. मागे एक बाई, कडेवर तान्हं, दोन्ही बाजूंना जुळे मुलगे, दोघंही पेंगुळलेले. मी बाजूला झाले. म्हटलं, "या हो, तुम्ही आधी या. पोरं ताटकळलीत." मनात हिशेब चोख – हे घर एकोणिसावं, आपलं विसावं.

घर! मी घरं मोजत होते. आयुष्यभर घरंच मोजली – बोलावणं घराला, वाढप घराला, आहेर घराला. एका घराचा एक. आणि जुळ्यांचे फॉर्म दोन.

मास्तर उभे राहून ओरडले, "वीस! झाले वीस!" कानावरची पेन्सिल खाली पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पुठ्ठे काखेत धरून, सगळ्यांत जोरात! मग टाळ्या थांबल्या, आणि फक्त फूटपट्टी मला दिसली. तिनं वाजवल्या नव्हत्या. ती माझ्या काखेकडे बघत होती.

२३ एप्रिल, रविवार

हे सबंध सकाळ तोच पेपर वाचत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. फूटपट्टीनं एकच विचारलं, "एकविसावा नंबर असं काही असतं का?" मी म्हटलं, उद्या विचारते. "बरं," म्हणाली, आणि मांजराला घेऊन पायरीवर जाऊन बसली.

मी भांडी घासताना रडत होते, तर सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "वीस पोरं जेवली, तुझं पोर उपाशी. आता रडून काय शिजणार आहे? तोंड धू, आणि उद्या शाळेत जा." जाताना नळही बंद करून गेल्या. पाणी वाहत होतं, माझं लक्षच नव्हतं.

२४ एप्रिल, सोमवार

मोठ्या बाई म्हणाल्या, "पाचवी दुर्बीण असती तर मी नियम वाकवला असता. दुर्बीण कशी वाकवू?" त्यांचेही डोळे भरले होते. मास्तरांनी एकेक फॉर्म पुन्हा मोजून पाहिला, जणू मोजणी खात्याची चूक निघेल. वीसच. मग म्हणाले, "मी माझ्या एका जुन्या सोबत्याला लिहितो. त्यांच्या शाळेत हा वर्ग तीन वर्षं चालू आहे. पण आशा धरू नका."

परतले तर दारात शिंपीणबाई. हातात लेकीच्या नावाची पावती. "हिचं नाव काढून घेते मी. तुमचीला मिळू दे. तुमच्यामुळंच तर आम्हाला कळलं सगळं. नाहीतरी ही भित्री."

खोटं कशाला लिहू – हात पुढे झाला होता माझा. पुढे झाला! पण त्यांच्या मागं ती भित्री उभी होती, आणि आज ती खाली बघत नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती, मी काय करते ते. मी म्हटलं, "शिंपीणबाई, वाढलेलं पान कुणी परत घेतं का?" त्या गेल्या. मग मी आत जाऊन पिठाचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. असंच. कशासाठी ते मलाही माहीत नाही.

फूटपट्टीला सांगितलं. म्हटलं, मिळत होती जागा, मी नको म्हटलं. तिनं मांजराला खाली ठेवलं. मग म्हणाली, "बरं केलंस. नाहीतर तिनं परत मान खाली घातली असती."

चौदा वर्षांची आहे. हे शहाणपण कुठून आणलं, देवा? माझ्याकडून तर नाही.

२९ एप्रिल, शनिवार

शेवटचा मेळावा. मला जायचंच नव्हतं. फूटपट्टी म्हणाली, "तू नाही गेलीस तर मोठ्या बाई पुस्तिका वाचतील. लोकांचा काही विचार कर!" पुस्तिकेतलं वाक्य बाईंच्या आवाजात म्हणून दाखवलं, हातवारे करून. हसू आलंच मला. गेले.

ह्या वेळी आपला फॉर्म दार उघडायच्या आधी नेऊन दिला. वाणिज्य – आजचा पहिला नंबर! शिपाई म्हणाला, "ताई, अजून टेबलं लागायचीत." म्हटलं, लागू देत, तुम्ही फॉर्म धरून उभे राहा. राहिला बिचारा.

बोलले. बरं बोलले. लोक हसले. मग एका आईनं विचारलं, "तुमच्या मुलीनं काय घेतलं?" म्हटलं, वाणिज्य. "तिच्या मनासारखं?" फूटपट्टी पहिल्याच बाकावर. हॉल माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "वाणिज्यही चांगलं असतं." आणि का चांगलं, ते पाच मिनिटं सांगितलं. मुद्देसूद. नऊ जणांनी वाणिज्याचे फॉर्म घेतले.

घरी येताना ती माझ्या हातात हात घालून चालत होती. एकदाही काही मोजलं नाही.

९ मे, मंगळवार

दुपारी पत्र आलं. मास्तरांच्या सोबत्याच्या शाळेतून. मोजणीच्या वर्गात एक जागा आहे. मुलींचं वसतिगृह आहे. बसनं सात तास. आठ दिवसांत कळवा.

फूटपट्टीनं उभ्यानं वाचलं. मग पहिल्या घडीवर घडी घालून पाकिटात ठेवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, वाणिज्यही चांगलं असतं." माझंच वाक्य! माझ्याच सुरात, लोकांना पटेल असं.

ती शिंपीणबाईंकडे गेल्याबरोबर कार्ड लिहिलं. हे घरी यायच्या आत पेटीत टाकून आले. पहिल्यांदाच कुणाला न विचारता. काय लिहिलं ते उतरवून ठेवते:

"मुलगी येते आहे. जागा दुसऱ्या कोणासही देऊ नये. तिला दूध आवडत नाही, पण दिलं तर पिते. शिकायला ती काही कमी पडणार नाही, त्याची काळजी आम्हाला नाही. आईला महिन्यातून किती वेळा भेटता येतं, तेवढं मात्र कृपा करून उलट टपाली कळवावे."